बालगृहांची दप्तरं जपा, आणि ज्याची फाइल त्याला द्या

प्रति,
मा. मंत्री, महिला व बाल विकास विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, महिला व बाल विकास, पुणे

स. न. वि. वि.

२०२७ साली मुंबईतली बालगृहं चालवणाऱ्या चिल्ड्रन्स एड सोसायटीला शंभर वर्षं पूर्ण होतात. समारंभ होईल, स्मरणिका निघेल, इस्त्रीच्या फ्रॉकमधल्या मुली स्वागतगीत म्हणतील. होऊ दे. पण अशा स्मरणिकांमध्ये इमारती असतात, देणगीदार असतात, अध्यक्षांचे फोटो असतात. ज्यांच्यासाठी संस्था काढली ती मुलं 'लाभार्थी' म्हणून एका ओळीत आटोपतात. मी एका जिल्ह्याच्या रिमांड होममध्ये परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर होते, सगळी नोकरी त्याच कामात गेली. म्हणून स्मरणिका छापायला जाण्याआधीच हे पत्र लिहिते आहे. मागणी फार खर्चाची नाही. राज्यातल्या निरीक्षणगृहांच्या (म्हणजे जुन्या रिमांड होमांच्या) आणि बालगृहांच्या जुन्या नोंदवह्या नष्ट होऊ देऊ नका, आणि तिथं वाढलेल्या माणसानं स्वतःची फाइल मागितली तर ती त्याला मिळू द्या.

एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला, असं वाटेल. त्यासाठी ही घरं कुठून आली ते पाहावं लागतं.

कंपनी सरकारनं १८५० मध्ये ॲप्रेंटिस कायदा केला. दहा ते अठरा वयाची अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेली मुलं कारागिराच्या हाताखाली करारानं बांधून द्यायची, म्हणजे ती कामाला लागतील आणि रस्तेही मोकळे होतील. १८५७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उद्योगशाळा आणि सुधारशाळा उभी राहिली, तिला बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांचं नाव मिळालं. काळा घोड्याची ससून लायब्ररी सगळ्यांना ठाऊक असते, पुण्याचं ससून हॉस्पिटल तर घरोघरी बोलण्यात असतं. माहीमची ससून इंडस्ट्रियल स्कूल मात्र जे तिथं राहिले त्यांनाच माहीत. मग १८७६ चा आणि त्याच्या जागी १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स कायदा आला. या दुसऱ्या कायद्याखाली पंधराच्या आतल्या मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवता येई, तीन ते सात वर्षांसाठी. म्हणजे कैद थोड्या दिवसांची असती तरी सुधारणेचा मुक्काम किमान तीन वर्षांचा! कायद्याच्या व्याख्येत फक्त मुलगा होता, मुलींचा विचारच नव्हता. येरवड्यालाही अशी एक सुधारशाळा होती.

त्याच काळात आपल्याकडं दुसरीही वाट होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये पंढरपुरात बालकाश्रम सुरू केला. तिथं प्रश्न असा होता की लेकरू जगेल कसं. सरकारी सुधारशाळेपुढचा प्रश्न होता, पोरगं रस्त्यावरून हलेल कसं. आजची आपली बालगृहं नाव पहिल्या घराण्याचं सांगतात आणि वळण दुसऱ्याचं गिरवतात. हे माझं मत आहे, पण बरीच घरं आतून पाहून झालेलं आहे.

मुंबईतल्या उमरखाडीचंच पाहा. डोंगरीचं रिमांड होम ज्या आवारात आहे, तो मुळात तुरुंग. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते, एकशे एक दिवस. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, म्हणून त्यांचा तुरुंगवास आपण आजही वाचू शकतो. पुढं त्याच जागी मुलं ठेवली गेली, पिढ्यान् पिढ्या. त्यातल्या कुणाचे एकशे एक दिवस आपल्याला माहीत आहेत? जे काही लिहिलं गेलं ते कारकुनानं, नोंदवहीत, रकान्यात मावेल तेवढं. म्हणून ती नोंदवही मला मोलाची वाटते. त्या मुलांचा दुसरा लेखी पुरावा नाही.

मुलांना मोठ्या कैद्यांमध्ये ठेवू नका, त्यांच्यासाठी वेगळं न्यायालय करा, असं १९१९-२० च्या तुरुंग समितीनं सुचवलं. मद्रासनं १९२० मध्ये, बंगालनं १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्यानं १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. तो मुंबईत राबवण्यासाठी १९२७ मध्ये सोसायटी स्थापन झाली. पाऊल पुढचंच होतं, यात वाद नाही. पण या कायद्यानं गुन्हा केलेलं मूल आणि नुसतं निराधार मूल, दोघांना एकाच दारातून आत घेतलं. भीक मागणारा, घर नसलेला, आईबापांना न जुमानणारा, खिसा कापलेला, सगळ्यांची वाट एकच: पोलीस आणणार, कोर्टापुढं उभं करणार, आदेश निघणार, फाटक बंद होणार. १९४८ च्या मुंबई मुलांच्या कायद्यानंही हेच चालू ठेवलं. दोघांच्या सुनावणीसाठी वेगळी दारं व्हायला १९८६ चा केंद्रीय कायदा यावा लागला, आणि कागदावर वेगळी झालेली ती दारं कित्येक जिल्ह्यांत पुढंही एकाच कंपाउंडात उघडत राहिली. मुंबईबाहेर ही घरं बहुतेक ठिकाणी स्वयंसेवी जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनांकडं आहेत. म्हणजे संस्था संघटनेची, मुलं आदेशानं आलेली, अनुदान शासनाचं. जबाबदारी विचारायला गेलं की तिघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

स्मरणिकेत हमखास न येणारं आणखी एक पान आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडं पुरता लागू झाला तो १९११ च्या कायद्यानं. सोलापूरला सेटलमेंट, म्हणजे या जमातींची सक्तीची वसाहत झाली, तारेचं कुंपण आलं, हजेरी आली. या १९११ च्या कायद्यात सरकारला असाही अधिकार होता की सहा ते अठरा वयाची मुलं आईबापांपासून वेगळी काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत ठेवायची. मुलानं काही केलेलं असण्याची गरज नव्हती. पारध्याच्या, कैकाड्याच्या घरात जन्म झाला, एवढं पुरे होतं. मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ मध्ये काढून टाकला, देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. सवय गेली नाही. माझ्या नोकरीतसुद्धा जातीच्या रकान्यात 'पारधी' दिसलं की पुढच्या रकान्यातला मजकूर न वाचता सांगता यायचा: 'संशयितरीत्या फिरताना मिळून आला'. सेटलमेंटमधून किती लेकरं काढली, कुठं पाठवली, परत किती आली, हे शोधायचं तर त्या वेळच्या शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर हाच धागा. ते आज कुठं आहेत, हे आपल्या विभागानं एकदा तरी विचारलं पाहिजे.

आणि 'या संस्था आमच्या नाहीत, त्या स्वयंसेवी आहेत' हे उत्तर कृपया देऊ नका. ते १९८६ पासून बंद झालेलं आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मानखुर्दच्या निरीक्षणगृहाबद्दल उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं: मुलं फार काळ अडकून पडतात, त्यांच्याकडून काम करून घेतलं जातं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की चिल्ड्रन्स एड सोसायटी ही घटनेच्या अनुच्छेद १२ च्या अर्थानं 'राज्य'च आहे, आणि निरीक्षणगृहात मुलांना जास्त काळ ठेवता कामा नये. मुख्यमंत्री सोसायटीचे पदसिद्ध अध्यक्ष असल्याची नोंदही त्या निकालात आहे. तेव्हा तिथलं कपाट हे शासनाचंच कपाट, आणि आतली वाळवीही शासनाचीच.

त्यानंतर २००० चा कायदा आला, २०१५ चा आला, २०२१ ची दुरुस्ती आली. प्रत्येक वेळी पाट्या रंगल्या, शिक्के बदलले. अधूनमधून एखाद्या प्रकरणानं लोकांना ही घरं आठवतात. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, मग ओरड झाली, मग त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि सगळ्या वाहिन्यांना एका दिवसात येरवड्याचा पत्ता सापडला. महिनाभरात उच्च न्यायालयानं त्याला सोडलं आणि वाहिन्याही गेल्या. मोबाइल चोरीच्या संशयावरून आणलेली, वकील नसलेली, जामीनदार न मिळालेली मुलं आधी तिथंच होती, नंतरही तिथंच राहिली. त्यांच्याकडं कुणी निबंध मागितला नाही. मागितला असता तर वाचण्याजोगा झाला असता.

आता नोंदवहीबद्दल, कारण ती आपल्यापैकी फार थोड्यांनी हातात घेतली असेल. कापडी पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना लाल पट्टी, दोन हातांनी उचलावी लागते. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, वडिलांचे नाव, अंदाजे वय, जात, पत्ता, कोणी आणले, कलम, वजन-उंची, ओळखखूण, अंगावरील कपडे व वस्तू, सोडल्याचा दिनांक. ओळखखुणेच्या रकान्यात मूल डोळ्यांपुढं उभं राहतं. 'डाव्या भुवईवर टाक्यांचा व्रण.' 'उजव्या मनगटावर गोंदलेले, आई.' वस्तूंच्या रकान्यात 'स्लीपर, एकच', किंवा 'चावी एक, कशाची ते सांगत नाही'. पत्ता: 'कुर्डुवाडी स्टेशन, पुलाखाली, मावशी भाजी विकते.' आणि शेवटी, सहा-आठ महिन्यांनी, वेगळ्या शाईत: 'पालक मिळून आले नाहीत. सबब मुदतवाढ.'

गृहचौकशीला मी स्वतः हिंडलेली आहे. कुर्डुवाडीच्या पुलाखालची मावशी शोधणं अशक्य नसतं. भाजीवालीला अख्खं स्टेशन ओळखतं. पण तिथवर जायचं तर एसटीचं भाडं खिशातून घालायचं, प्रवासभत्त्याचं बिल वर्षभर फिरणार, आणि टेबलावर अशा पंचवीस चौकश्या. त्यामुळं 'पालक मिळून आले नाहीत' याचा अर्थ बऱ्याचदा 'प्रवासभत्ता मिळून आला नाही' असा असे. मूल बारा वर्षांचं असेल तर पुढची सहा वर्षं या एका वाक्यावर उभी. हे वाक्य कुठल्या साली, कुठल्या जिल्ह्यात, किती वेळा लिहिलं गेलं, हे कुणीतरी मोजलं तर या व्यवस्थेचा खरा इतिहास निघेल. पण त्यासाठी वह्या राहिल्या पाहिजेत.

त्या राहत नाहीत. माझ्या नोकरीच्या अखेरीला एक गृहस्थ ऑफिसात आले. रिक्षा चालवणारे, वय चाळिशीकडं झुकलेलं, सोबत शाळेतली मुलगी. मुलीच्या दाखल्यासाठी कागद हवा होता, पण ते निमित्त होतं. आपल्याला कुठल्या स्टेशनवर उचललं होतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. क्लार्कनं नेहमीचं उत्तर दिलं, इतकं जुनं रेकॉर्ड नसतं. तरी आम्ही स्टोअररूम उघडली. मोडक्या खाटा, फाटक्या गाद्या, गणपतीचं मखर, त्याखाली वह्यांचा ढीग. त्यांच्या आधीच्या वर्षाची वही सापडली, नंतरच्या वर्षाची सापडली. त्यांची नव्हती. ते रागावले नाहीत, भांडले नाहीत. जाताना म्हणाले, "मॅडम, आलो तेव्हाचं वजन तरी लिहिलेलं असेल ना कुठंतरी?"

सरकारी कार्यालयात अभिलेखांची वर्गवारी असते, हे आपल्याला मी सांगायला नको. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच, 'ड' एक वर्ष. जमिनीचा फेरफार कायम राहतो. मुलाची फाइल मात्र खालच्या वर्गात ढकलली जाते किंवा वर्गवारीच होत नाही, आणि कार्यालय स्वच्छतेची मोहीम निघाली की रद्दीच्या टेम्पोत जाते. वरिष्ठ भेट देतात, रिकामी कपाटं पाहून शाबासकी देतात.

याचे परिणाम भावनेपुरते नाहीत. शासनानं २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आणलं. निर्णय चांगला आहे. पण अनाथ प्रमाणपत्र मिळवायला संस्थेतला मुक्काम दाखवावा लागतो, आईवडिलांबद्दल, जातीबद्दल संस्थेकडं काय नोंद आहे हे दाखवावं लागतं. वही नसेल तर मुलाखतीपर्यंत पोचलेली मुलगी तिथं अडते. दुसरं, दत्तक गेलेल्या मुलाला मोठेपणी आपलं मूळ शोधता येतं. दत्तक नियमावलीत 'रूट सर्च' नावाची रीतसर तरतूद आहे. पण जे मूल दत्तक गेलं नाही, अठरा पूर्ण होईपर्यंत बालगृहातच राहिलं, त्याच्यासाठी असं प्रकरणच नाही. ज्याला घर मिळालं त्याला मूळ शोधायचा रस्ता आहे आणि ज्याला मिळालं नाही त्यानं माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा स्टॅम्प लावायचा. उत्तर ठरलेलं: सदर माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

गोपनीयतेचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. २०१५ च्या कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला बंदी घालतं, आणि तसंच हवं. कलम २४ प्रमाणे, काही अतिगंभीर प्रकरणं सोडली तर, विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकाच्या दोषसिद्धीची नोंद अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायची असते. तेही बरोबर आहे. सोळाव्या वर्षीची मारामारी तिसाव्या वर्षी पोलीस पडताळणीत निघू नये. तो कागद जाळा, माझं काही म्हणणं नाही. पण दोषसिद्धीची नोंद वेगळी आणि त्या मुलाचं वजन, ओळखखूण, मावशीचा पत्ता, आजीनं पाठवलेलं पोस्टकार्ड, गृहचौकशी अहवाल हे वेगळं. आपल्याकडं दोन्हींचा एकच गठ्ठा बांधतात. ही गुप्तता मुलाला लोकांपासून वाचवायला आहे. मोठ्या झालेल्या त्याच मुलापासून त्याचीच माहिती लपवायला ती वापरायची, हे कायद्यात कुठं लिहिलंय?

खरी भीती वेगळी असावी असं मला वाटतं. वह्या उघडल्या तर त्यातून मारहाण निघेल, मृत्यू निघतील, 'पळून गेला' असा शेरा मारून बंद केलेली नावं निघतील, नको ते दावे लागतील. निघतील, हो. आयर्लंडमध्ये मे २००९ मध्ये रायन आयोगाचा अहवाल आला, त्यात तिथल्या औद्योगिक शाळांमधल्या अत्याचाराची पानंच्या पानं आहेत. हा औद्योगिक शाळांचा नमुना इंग्रजी राजवटीतलाच, आपल्याकडं आला तोही तिथूनच. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी नोव्हेंबर २००९ मध्ये संस्थांत वाढलेल्या माणसांची माफी मागितली, आणि पुढं त्यांना स्वतःच्या नोंदी शोधायला मदत करणारी सेवा सरकारी खर्चानं सुरू झाली. त्यानं ते देश बुडाले नाहीत. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला प्रकार बाहेर आला तो २०१८ मध्ये, आपल्याच मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटानं केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळं. मुंबईचे लोक बिहारची घरं उघडू शकतात, तर मानखुर्द आणि डोंगरी काही लांब नाहीत.

इतकं जुनं कोण वाचणार, असंही कुणी म्हणेल. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा कुणबी नोंदींसाठी तालुक्या-तालुक्यात रुमाल सुटले, मोडी वाचणारे शोधून आणले, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांचे दाखले, तुरुंगांची दप्तरंसुद्धा तपासली गेली. शासनानं मनावर घेतलं की शंभर वर्षांपूर्वीचा कागदही सापडतो, हे आपणच दाखवून दिलं आहे. बालगृहाच्या मुलांचा मोर्चा निघत नाही, एवढाच काय तो फरक.

शासन निर्णय दोन पानांचा पुरेल. प्रवेश नोंदवही आणि मुलाची वैयक्तिक फाइल 'अ' वर्गात घाला. १९५० पूर्वीचं जे काही उरलं असेल ते पुराभिलेख विभागाकडं सोपवा. माहीम, उमरखाडी, येरवडा आणि सोलापूर इथून सुरुवात करा, कारण जुनं असेल तर तिथंच. अठरा पूर्ण झालेल्या माणसानं अर्ज केला की ठरावीक मुदतीत त्याला फाइलची प्रत द्या, आणि ती टेबलावरून सरकवू नका. जवळ एखादा समुपदेशक बसवा, कारण त्यात काय लिहिलेलं असेल ते वाचणाऱ्याला ठाऊक नसतं. नोंद सापडली नाही तर 'आमच्याकडून जतन झाली नाही' असं सही-शिक्क्यानिशी लेखी द्या, म्हणजे अनाथ प्रमाणपत्राला तेवढा तरी आधार मिळेल. आणि हा निर्णय निघेपर्यंत कुठल्याही बालगृहात, निरीक्षणगृहात निर्लेखनाची, म्हणजे जुने कागद निकाली काढण्याची समिती बसवू नका, असं एक परिपत्रक आजच्या तारखेनं काढा. पावसाळ्यानंतर स्टोअररूम साफ करायची पद्धत असते, म्हणून घाई.

जुन्या कारकुनांचं अक्षर लावणं सोपं नसतं. परिविक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आमच्यासारखे बरेच जण घरी बसून आहेत. बोलावलंत तर येऊ, चहा मिळाला तरी पुरे. प्रवासभत्ता मागणार नाही. तो मिळून येत नाही, याचा अनुभव आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिविक्षा अधिकारी